पत आणि तिचे वार्षिक भाडे

संसाराच्या खर्चात एखादी रक्कम अशी असते की तिच्या बदल्यात घरात काहीच येत नाही. ना धान्य, ना औषध, ना नातवंडांचा खाऊ. आमच्या घरी अशी रक्कम जून महिन्यात येते. क्रेडिट कार्डाच्या हिशेबपत्रकावर एक ओळ छापलेली असते : वार्षिक शुल्क ९९९ रुपये. तिच्याखाली दुसरी ओळ : त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, १७९ रुपये ८२ पैसे. दोन्ही मिळून १,१७८ रुपये ८२ पैसे. मी निवृत्त शिक्षक, पत्नी निवृत्त परिचारिका. दोघांच्या निवृत्तिवेतनापुढे ही रक्कम काही माहुलीच्या डोंगराएवढी नाही. पण शहापूरच्या बाजारात एवढ्या पैशांत दोन माणसांचा महिनाभराचा तांदूळ येतो, हेही खरे. यंदा तो कागद आला आणि कार्ड ठेवावे की बंद करावे, असा प्रश्न घरात निघाला. तो सुटायला जवळजवळ दोन महिने लागले. वरवर पाहता प्रश्न साध्या वजाबाकीचा होता. आत शिरल्यावर मात्र कळले की आपण पैशांचा नव्हे, पतीचा हिशेब करीत आहोत.

'पत' हा मराठीतला शब्द दोन अक्षरांचा, पण मोठा भारदस्त. पत म्हणजे अब्रू, पत म्हणजे भरवसा आणि पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी. या शब्दाला विभक्तीचा प्रत्यय लावायला गेले की त्याचे 'पतीला', 'पतीचा' असे रूप होते आणि ऐकणारी गृहिणी गालातल्या गालात हसते. असो. तिन्ही अर्थ एकाच शब्दात बांधणाऱ्या आपल्या पूर्वजांना एक गोष्ट नीट ठाऊक होती. उधारी ही आधी माणसाची ओळख असते, आकडे मागाहून येतात.

१९७८ साली मी वसईहून मुरबाडला शिक्षक म्हणून आलो, तेव्हा पहिला पगार हातात पडायला अडीच महिने गेले. त्या काळात मला जगवले ते बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानदाराने. मी कोण, कुठला, याची त्याने फार चौकशी केली नाही. "मास्तर, पगार झाला की द्या," एवढे बोलून त्याने लाल कापडाच्या वहीत माझे नाव लिहिले. अर्ज नाही, सही नाही, वार्षिक शुल्क नाही. किलोमागे चार-आठ आणे तो अधिक लावीत असे, हे मला माहीत होते. आणि मला ते माहीत आहे, हे त्यालाही माहीत होते. या परस्परांच्या समजुतीवर आमचा व्यवहार पुढे बावीस वर्षे चालला. म्हणजे तेव्हाही पत फुकट नव्हतीच. तिचे भाडे साखरेच्या पुडीत बांधलेले असे, एवढेच.

परंतु त्या लाल वहीच्या आठवणीने गहिवरून जाण्याआधी दुसऱ्या एका वहीकडे पाहिले पाहिजे. मी 'मास्तर' होतो म्हणून माझे नाव पहिल्या वहीत आले. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवरच्या ठाकूर व कातकरी कुटुंबांची नावे दुसऱ्या वहीत असत. पावसाळ्यात घरातले दाणे संपले की सावकाराकडून भात आणायचे आणि सुगीला ते दिढीने, म्हणजे एका मणाला दीड मण, परत घालायचे. उभ्या पिकावर आगाऊ रक्कम उचलण्याच्या पद्धतीला 'पालेमोड' म्हणत. ज्याच्याजवळ पीकही नाही, त्याने स्वतःचे अंग गहाण टाकायचे. वेठबिगार पद्धतीचे निर्मूलन करणारा कायदा १९७६ साली आला. आदिवासी भागांतल्या खासगी सावकारीला आळा घालणारा महाराष्ट्राचा कायदाही त्याच वर्षीचा. तरीही १९८२ साली वसई परिसरात श्रमजीवी संघटना उभी राहिली ती वेठबिगारांच्या मुक्तीसाठीच, हे आपल्या भागातले वाचक जाणतात. आजही कातकरी कुटुंबे वीटभट्टीच्या मालकाकडून पावसाळ्यात 'उचल' घेतात आणि दिवाळीनंतर भट्टीवर जाऊन ती अंगमेहनतीने फेडतात. पत सर्वांनाच लागते. फरक एवढाच की कोणाला ती ओळखीवर मिळते, कोणाला कागदावर, आणि कोणाला स्वतःच्या पाठीवर.

पतीचा तिसराही एक मार्ग आहे आणि तो आपल्या समाजाला परका नाही. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा हिंदुस्थानात १९०४ साली झाला आणि १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने वसईत कॅथॉलिक पतसंस्था स्थापन झाली. आजची बॅसिन कॅथॉलिक बँक तिच्यातूनच वाढली. तिचे मूळ तत्त्व साधे होते. शेजाऱ्यांनी आपली लहान लहान बचत एकत्र करायची आणि ज्याला नड असेल त्याला, शेजाऱ्यांच्याच जामिनावर, त्यातून द्यायचे. येथे पतीचे भाडे सावकाराच्या घरी जात नाही. ते व्याजरूपाने सभासदांकडेच परत येते.

या तीन वह्यांच्या पुढे चौथी वस्तू आली ती प्लास्टिकची. डायनर्स क्लबचे कार्ड भारतात १९६१ साली आले, आणि भारतीय बँकेचे पहिले क्रेडिट कार्ड सेंट्रल बँकेने १९८० साली काढले. आम्हाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. आसनगावहून लोकलने मुंबईला जावे, मोठ्या हॉटेलात कोणी साहेब बिलावर पैशांऐवजी कार्ड ठेवताना दिसावा, आणि आपण त्याच्या श्रीमंतीवर मनातल्या मनात शिक्कामोर्तब करावे, इतकाच त्या वस्तूशी आमचा परिचय. कार्डवाला साहेब त्या क्षणी उधारीवर जेवत आहे आणि आपण नगद पैसे मोजून, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते.

मग नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आली. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ डिसेंबर २०१६ रोजी, आमच्याच मुरबाड तालुक्यातले धसई हे गाव राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्डाची यंत्रे दिली, वडापावच्या गाडीवर कार्ड चालते म्हणून वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली. पुढे काही महिन्यांत नोटा मुबलक झाल्या आणि लोक पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्याही आल्या. यंत्र दुकानात ठेवणे सोपे. ज्याच्या हाती रोजची मजुरी रोख पडते, त्याच्या सवयीत ते बसवणे अवघड. त्या दिवसांच्या वाऱ्यात, २०१७ च्या जूनमध्ये, ज्या बँकेत माझे निवृत्तिवेतन जमा होते तिने मला क्रेडिट कार्ड देऊ केले आणि आम्ही ते घेतले. मर्यादा ऐंशी हजारांची. पहिले वर्ष विनाशुल्क.

हे कार्ड आम्ही बाजारात क्वचितच वापरले. पण दोन रात्री त्याने जे काम केले, त्यामुळेच त्याचा निरोप घेणे अवघड झाले.

पहिली रात्र २०१९ च्या जुलैमधली. पत्नीच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. पित्ताशयात खडे होते. शहापूरहून कल्याणला एका खासगी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. खिडकीवरच्या माणसाने पन्नास हजार रुपये अनामत मागितली. आमचे पैसे होते, पण सारे मुदत ठेवीत. आणि मुदत ठेव रात्री दीड वाजता झोपलेली असते. कार्ड पुढे केले, यंत्रातून कागद बाहेर आला आणि पत्नीला आत नेले. दुसऱ्या आठवड्यात ठेव मोडली आणि देय तारखेच्या आत सगळी रक्कम भरली. व्याज एक पैसाही पडले नाही. त्या दिवशी कार्डाचे खरे स्वरूप मला समजले. ते आपल्याला पैसे देत नाही, वेळ देते : मध्यरात्र आणि बँक उघडण्याची वेळ यांच्यामधले आठ-नऊ तास.

दुसरी रात्र २०२२ च्या ऑगस्टमधली. आमच्या घरामागच्या पाड्यावरचा एक कातकरी दारात येऊन उभा राहिला. "गुरुजी, पोराला पान लागलं." आपल्याकडे रात्री सापाचे नाव घेत नाहीत, दंश झाला तर 'पान लागले' म्हणतात. मुलाला घोणस चावली होती. पत्नीने पाय हलू न देता बांधून घेतला, दंशाच्या जागी ब्लेड लावायला निघालेल्या म्हाताऱ्याला थांबवले आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवली. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात लस वेळेवर मिळाली, तीही विनामूल्य. परंतु घोणशीचे विष मूत्रपिंडाला धरते. दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली आणि रक्तशुद्धीकरणासाठी मुलाला हलवावे लागले. सरकारी रुग्णालयातली खाट मिळेपर्यंत दोन दिवस खासगी रुग्णालयात काढले, त्यांचे चोवीस हजार रुपये याच कार्डावरून भरले. मुलगा वाचला. बापाने नंतरच्या दोन हंगामांत, भट्टीवरून आठवड्याचा खर्च मिळाला की पाचशे, कधी तीनशे, असे करून सगळे पैसे फेडले. व्याज मी घेतले नाही. बँकेची रक्कम मी आधीच भरून टाकली होती, म्हणून व्याज मला पडलेही नाही.

म्हणजे प्रश्न केवळ आमच्या दोघांचा नव्हता. ज्या माणसाला कोणतीही बँक कार्ड देणार नाही, त्याच्या पतीची एक बारीक फांदी माझ्या पाकिटातल्या त्या तुकड्याला लागलेली होती.

आता घरातल्या चर्चेकडे वळतो. मुलगा ठाण्याला नोकरी करतो. तो म्हणाला, "पप्पा, जुनं कार्ड बंद करू नका. तुमचा सिबिल स्कोअर खाली जाईल." हा स्कोअर म्हणजे तीनशे ते नऊशे या आकड्यांत बसवलेली आपली पत. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली आणि अशा संस्थांसाठी २००५ साली कायदा झाला. आपण कर्जे वेळेवर फेडतो की नाही आणि मिळालेल्या मर्यादेपैकी किती वापरतो, यावर हा आकडा ठरतो. एक कार्ड बंद केले की एकूण मर्यादा घटते, त्यामुळे आकडा थोडा उतरू शकतो, हे खरे. परंतु बंद केलेल्या खात्याचा चांगला इतिहास काही त्याच दिवशी पुसला जात नाही. तो पुढे कित्येक वर्षे नोंदीत राहतो. शिवाय सत्तरी ओलांडलेल्या मला आता कोणते घरकर्ज काढायचे आहे? जो तरुण पुढल्या वर्षी घर घेणार आहे, त्याने मुलाचा सल्ला जरूर मानावा. परीक्षा देऊन झालेल्या माणसाने गुणपत्रिकेची किती काळजी करावी?

सुनेचा सल्ला अधिक व्यवहारी. वर्षाला एक लाख रुपये कार्डावर खर्च केले तर शुल्क माफ होते. "सगळा किराणा कार्डावर घ्या, बाबा, म्हणजे शुल्क सुटेल." मी वहीत मांडून पाहिले. लाखाचे बारा भाग केले तर महिन्याला ८,३३३ रुपये. आमच्या वाण्याकडे कार्डाचे यंत्र नाही. दूध घालणारी बाई, भाजीवाली, मासे घेऊन येणारी, कोणाकडेच नाही. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयची चौकट आता चहाच्या टपरीवरही चिकटवलेली दिसते. पण तिथे आमचे पैसे बचत खात्यातून जातात. तेव्हा लाखाचा आकडा गाठायचा तर कल्याणच्या मोठ्या दुकानांत जावे लागणार, जाण्यायेण्याला पैसे मोडावे लागणार, आणि गरज नसलेल्या दोन वस्तू पिशवीत येणार त्या वेगळ्याच. मला यात आणखी एक खोच दिसली. बाराशे रुपये वाचवण्यासाठी मी वर्षाचे लाख रुपये शहापूरच्या पेठेतून उचलून कल्याणला नेऊन टाकीन. अडीअडचणीला अर्ध्या रात्री ज्यांची दारे उघडतात, ती माणसे पेठेतलीच. शुल्क भरणे परवडले. ते चुकवण्यासाठी आपली माणसे बदलणे परवडणारे नव्हते. मला तर वाटते, कार्डाचा सर्वांत प्रामाणिक भाग कोणता असेल तर ते वार्षिक शुल्क. ते निदान आपली किंमत तोंडावर सांगते. माफीची अट आपल्याला नकळत वळण लावते.

आणि व्याज? हिशेबपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ते छापलेले आहे : दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला बेचाळीस. पूर्ण रक्कम न भरता केवळ 'किमान देय रक्कम' भरली की हे चक्र सुरू होते, आणि मग नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत राहत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तीस टक्क्यांवरचे व्याज अनुचित ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. मला यात न्यायालयाच्या निकालावर भाष्य करायचे नाही. फक्त पाड्यावरच्या दिढीला नाके मुरडताना आपल्या पाकिटातले बेचाळीस टक्के विसरू नयेत. आम्हाला हे व्याज कधी भरावे लागले नाही, याचे कारण आमच्या मुदत ठेवी. ज्याच्याजवळ पैसे आहेत त्यालाच कार्ड स्वस्त पडते. ज्याला खरी नड आहे, त्याला ते महाग पडते. पतीचा हा जुनाच नियम आहे.

मुलगा आणि सून यांची मते ऐकून झाल्यावर पत्नी एकच वाक्य बोलली. "अहो, बंद करा, पण रात्री दीड वाजता काय करायचं ते आधी ठरवा."

सगळा प्रश्न या वाक्यात होता. तेव्हा आम्ही वही उघडून तेच ठरवायला बसलो. पहिला विचार असा की साठ हजार रुपये मुदत ठेवीतून काढून बचत खात्यात मोकळे ठेवावेत. पण ठेवीच्या आणि बचतीच्या व्याजात साधारण चार टक्क्यांचे अंतर धरले, तर साठ हजारांवर वर्षाला २,४०० रुपयांवर पाणी सोडावे लागते. म्हणजे कार्डाच्या शुल्काच्या दुप्पट! येथे मी थबकलो. बाराशे रुपयांत ऐंशी हजारांचा भरवसा वर्षभर उशाशी ठेवणारे कार्ड काही लुबाडीत नव्हते. घरात पैसे निजवून ठेवण्यालाही भाडे पडतेच. ते कोणी छापून पाठवीत नाही म्हणून दिसत नाही, इतकेच.

मार्ग सापडला तो बँकेतल्या एका मुलीमुळे. अनेक बँकांत बचत खात्याला मुदत ठेव जोडून घेता येते. खात्यातली शिल्लक अपुरी पडली की ठेवीतून लागेल तेवढीच रक्कम आपोआप मोकळी होते आणि उरलेली ठेव पूर्वीच्याच व्याजावर चालू राहते. अशी ठेव रात्री दीड वाजताही जागी असते. डेबिट कार्डाची दिवसाची मर्यादा आम्ही वाढवून घेतली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुग्णालयांना यूपीआयने द्यायच्या रकमेची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर नेल्याचे जाहीर केले होते, तेही उपयोगी पडले. पावसात विजेबरोबर दूरध्वनीचे मनोरेही मान टाकतात, म्हणून दोन मार्ग हाताशी हवेतच.

सत्तर वर्षे पूर्ण केलेल्यांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देणारी आयुष्मान योजनेची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आहे. माझे ते कार्ड निघाले. पत्नीला सत्तर पूर्ण व्हायला अजून दोन वर्षे आहेत. योजनेत नसलेल्या रुग्णालयात ते कार्ड चालत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तेव्हा मोकळी होणारी ठेव किती असावी, यावर पत्नीने साठाऐवजी पंचाहत्तर हजारांचा आग्रह धरला. "साठ आपले, पंधरा पाड्याचे," ती म्हणाली. चाळीस वर्षे जिने शेतमजुरांच्या बाळंतपणाला हात दिला, तिच्याशी या विषयावर वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि वाद घालावा असे मलाही वाटले नाही.

ठेव जोडून झाली, तिची एकदा हजार रुपयांवर परीक्षाही घेतली, आणि मग कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. हा क्रम महत्त्वाचा आहे. नवे छप्पर शाकारून झाल्याशिवाय जुने उतरवू नये, हे पावसाळी मुलुखातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

वाचकांपैकी कोणी याच विचारात असेल तर थोडी माहिती देऊन ठेवतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये याबाबत निर्देश काढले. थकबाकी पूर्ण भरलेली असेल तर बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजी दिवसांत पुरी केली पाहिजे; उशीर झाल्यास दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. अर्ज टपालानेच पाठवा, असा हट्ट बँकेला धरता येत नाही. वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरले नसेल तर बँक स्वतःहूनही सूचना देऊन ते बंद करू शकते. न मागता कार्ड पाठवून शुल्क आकारले, तर ते शुल्क मागे घेऊन वर त्याच्या दुप्पट दंड बँकेने द्यायचा असतो. अर्ज करण्यापूर्वी आपण तीन गोष्टी कराव्यात : वीज, दूरध्वनी यांची बिले त्या कार्डावरून परस्पर जात असतील तर ती थांबवावीत, साठलेले गुण वापरून टाकावेत, आणि शेवटचा हिशेब शून्य झाल्याचे लेखी घ्यावे. पुढे दोन-तीन महिन्यांनी सिबिलचा अहवाल मागवून खाते बंद दाखवले आहे ना, ते पाहावे. असा एक संपूर्ण अहवाल वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो.

अर्ज दिल्यावर दुसऱ्याच दिवशी बँकेतून दूरध्वनी आला. बोलणारा तरुण फार नम्र होता. नव्वद दिवसांत पंचवीस हजारांचा खर्च केल्यास यंदाचे शुल्क परत करू, असे तो म्हणाला. मी त्याचे आभार मानले. आठ वर्षांत त्या कार्डाने आमचे दोनदा भले केले होते, तेव्हा त्याच्याविषयी वाईट बोलण्याचे कारण नव्हते. ज्याला महिन्याचा पगार येतो, ज्याचा प्रवास फार होतो, ज्याची ठेव अजून साठायची आहे आणि जो प्रत्येक महिन्याला पूर्ण रक्कम भरतो, त्याने शुल्क भरूनही कार्ड ठेवावे, असेच मी सांगेन. आमची गोष्ट वेगळी होती. जो भरवसा आम्ही भाड्याने घेत होतो, तो आयुष्यभराच्या काटकसरीने आमच्या घरात आधीच साठला होता. त्याला रात्री जागे राहायला शिकवायचे तेवढे उरले होते. यात थोडे गमावलेही. ऐंशी हजारांच्या जागी पंचाहत्तर आले, आणि ते सगळे आमचेच. उद्या पाड्यावरच्या कोणाला दिलेले परत आले नाहीत, तर ठेव तेवढ्याने कमी होईल. कार्ड असते तरीही बँकेला ते आम्हीच भरले असते. फरक मनातला आहे : आता देताना आपण काय देत आहोत, ते दिसते.

सहाव्या कामकाजी दिवशी खाते बंद झाल्याचे पत्र आले. पत्नीने कार्डाचे कात्रीने चार तुकडे केले आणि ते पत्र औषधांच्या वहीत ठेवले. वहीच्या पहिल्या पानावर तिने ठेवीचा क्रमांक आणि रक्कम लिहिली आहे. त्याखाली, परिचारिकेच्या त्या ठसठशीत अक्षरात, १०८ हा आकडा आहे. आणि त्याच्याही खाली पेठेतल्या त्या रिक्षावाल्याचा क्रमांक, जो अर्ध्या रात्री येतो आणि भाडे सकाळी घेतो.